पर्याय ‘क’वरची काट

मी गणिताचा मास्तर. घोटावड्याच्या बाजूच्या एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतोय. माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पोरं मला माघारी ‘तडका’ म्हणतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. घरी रत्ना म्हणते, या माणसाला देवानं जीभ द्यायच्या ऐवजी पट्टी दिली. बायकोच ती, तिला बोलायचा हक्क आहे.

गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते सांगायचं तर आधी थोडं गणित सांगावं लागेल. लगेच तोंड वाकडं करू नका. मी काही परीक्षा घेत नाही.

दोनचं वर्गमूळ काढायला बसलात तर ते संपत नाही. १.४१४२ असं पुढं जातच राहतं. अशा न संपणाऱ्या मुळाला आम्ही करणी म्हणतो. नववीत पहिल्या दिवशी हा शब्द फळ्यावर लिहिला की हमखास कुणीतरी मागून म्हणतं, “सर, आमच्या आत्यावर केली व्हती,” आणि सगळा वर्ग खिदळतो. एकोणतीस वर्षं हाच विनोद, आणि दर वर्षी तो करणाऱ्याला वाटतं की आपणच शोधला. तर ही करणी अपूर्णांकाच्या वरच्या भागात, म्हणजे अंशात असली तर चालते. खालच्या भागात, छेदात असली तर तिथून काढायची. समजा उत्तर आलं १/√२. मग वर आणि खाली दोन्हीकडं √२ नं गुणायचं. खाली दोन येतात, √२ वर जातो. झालं √२/२. किंमत तीच, फक्त रूप बदललं. याला छेदाचं परिमेयीकरण म्हणतात.

हे कशासाठी करायचं? तर पूर्वी सगळा भागाकार हातानं व्हायचा. एकाला १.४१४२ नं भागायला बसा, घाम फुटेल. तेच १.४१४२ ला दोननं भागा, तोंडी होतं. बस्स, एवढीच गोष्ट आहे. सोयीसाठी पडलेली वहिवाट. पण मी ती मुलांना सोय म्हणून कधी शिकवलीच नाही. मी कायदा म्हणून शिकवली. “छेदात करणी म्हणजे देवघरात चपला,” हे माझं ठरलेलं वाक्य. पेपरात कुणी १/√२ लिहून आला की मी अख्ख्या उत्तरावर लाल रेघ ओढायचो.

आणि यावर माझी एक युक्ती होती. आजकाल सगळ्या बाहेरच्या परीक्षा पर्यायांच्या. चारातून एक निवडा. वेळ कमी, पोरं गडबडतात. म्हणून मी सांगायचो, “गणित सोडवायच्या आधी पर्याय बघा. ज्याच्या छेदात करणी दिसेल त्यावर पेन्सिलनं काट मारा. डोळे मिटून मारा. उरलेल्यांत उत्तर शोधा. आणि एकदा काट मारली की मागं वळून बघायचं नाही.” अकरा वर्षं ही युक्ती चालली. एकदाही फसली नाही, कारण पेपर काढणारेही माझ्यासारखेच मास्तर होते, तेही देवघर झाडूनपुसून ठेवायचे. दुसऱ्या शाळांच्या मास्तरांना मी ही युक्ती मिशीला पीळ देत सांगायचो.

आता मोनाली. रिहे गावाच्या वर डोंगरात अकरा घरांची वाडी आहे, तिथली. वडील तानाजी, रोजंदारीवर जाणारा माणूस. कधी कुणाच्या फार्महाउसचं कुंपण, कधी विहिरीचा गाळ, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन रस्त्याला बसायचं. पोरगी वाडीतून तास-सव्वा तास चालत डांबरी रस्त्यावर यायची आणि तिथून मिळेल त्या गाडीनं शाळेत. उशीर झाला तर मी ओरडायचो. ती किती चालून येते याचा विचार करायला मला सवड नसायची, ओरडायला मात्र असायची.

आमच्या गावात गणिताला फारसं कुणी विचारत नाही. माझ्या भावकीतल्या पोरांना गुंठे मोजता आले की त्यांचं शिक्षण पुरं होतं. वाडवडिलांची जमीन, रस्ता आला, कंपन्या आल्या, विकली थोडी, राहिलेलीवर चाळ बांधली. करणी शिकून त्यांनी काय करायचं? अशा वर्गात एक दिवस मी फळ्यावर लिहिलं, १/(√३ − √२). छेदात एक सोडून दोन करण्या. पोरांनी सुस्कारे टाकले. मी म्हटलं, घाबरायचं नाही, हिची एक जोडीदारीण आहे, √३ + √२. मधलं चिन्ह तेवढं उलटं. तिनं वर-खाली गुणा. याला अनुबद्ध जोडी म्हणतात. पोरं गुणायला लागली. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, “अय्या सर, छेद गेलाच की!” आणि मोनालीनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तिचं बरोबर होतं. खाली तीन वजा दोन, म्हणजे एक उरतो. छेद जातोच. उत्तर √३ + √२, स्वच्छ. पण ते बघून कुणाला आनंद झालेला मी एकोणतीस वर्षांत बघितला नव्हता. त्या दिवशी मी घरी जाऊन रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं बाई, तुमच्यासारखं अजून एक येडं निघालं.”

ती दहावीत असताना आमच्या कानावर आलं की हिंजवडीतल्या एका कंपनीचा ट्रस्ट दर वर्षी तालुक्यातून एका मुलीला अकरावी-बारावी विज्ञानाला पुण्यात ठेवतो. मुलींचं वसतिगृह, कॉलेज, पुस्तकं, सगळं. डोंगरवाडीतल्या मुलींसाठीच ती जागा. एक परीक्षा, एक जागा. मी तानाजीला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, “तितं जागा मिळाली तर जाऊ द्या सर. न्हाई मिळाली तर माज्या हातात काय न्हाई. तिची मावशी म्हाळुंग्याला सोसायटीत चार घरची कामं करतीया, तिच्या संगट जाईल.” वाईट मनानं नाही बोलला. जे होतं ते बोलला.

मी मोनालीला विचारलं, “तुला काय व्हायचंय गं पुढं?”

“व्हायचं न्हाई काय ठरीवलं, सर. याच्या म्होरचं गणित बगायचंय.”

म्हणजे सगळं त्या एका जागेवर येऊन थांबलं होतं. मी कंबर कसली. जानेवारीपासून रोज शाळा सुटल्यावर एक तास. जुने पेपर, वेळ लावून. काट मारायची युक्ती तर मी तिच्या हाताला इतकी बसवली की पर्याय वाचायच्या आधी पेन्सिल चालायची. माझी छाती फुगायची ते बघून.

परीक्षा एप्रिलमध्ये म्हाळुंग्याच्या एका नव्या शाळेत झाली. मेच्या शेवटच्या आठवड्यात यादी आली, मोबाइलवरच. पहिली आलेली मुलगी दुसऱ्या खोऱ्यातली, एकोणसत्तर गुण. मोनाली दुसरी. अडुसष्ट.

एका गुणानं. मी मोनालीला फोन लावला. तानाजीच्या फोनला रेंज मिळायला दोन तास गेले. “कुठलं चुकलं?” मी विचारलं.

“आठवत न्हाई, सर.”

या पोरीला सहा महिन्यांपूर्वीच्या चाचणीतले आकडेसुद्धा पाठ असायचे. तिला आठवत नाही? तिथंच मला कळायला हवं होतं. पण माझं डोकं तापलं होतं, आणि तापलेल्या डोक्याला फक्त दुसऱ्याची चूक दिसते. मी ठरवून टाकलं की तपासण्यातच घोळ आहे. तिची चूक होणारच नाही, मी शिकवलंय तिला. रत्ना म्हणाली, “आधी पोरीला नीट विचारा तरी.” मी म्हटलं, तू भाजी बघ. आणि साप साप म्हणून भुई धोपटायला निघालो.

घोटावड्याहून हिंजवडीला स्कूटरवर मला सव्वा तास लागला. अंतर सांगितलं तर हसाल. कंपन्यांच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या, मेट्रोच्या खांबांखाली धूळ, आणि मी मनातल्या मनात भाषण पाठ करतोय. ट्रस्टचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. खाली रखवालदारानं माझ्या सदऱ्यावर ‘व्हिजिटर’ लिहिलेला एक कागद चिकटवला आणि हिंदीत म्हणाला, निकालना मत. तसाच वर गेलो.

तिथं ज्ञानदा नावाची मुलगी होती. परीक्षेचं काम तीच बघायची. इंजिनिअर झालेली, माझ्या मोठ्या मुलाच्या वयाची. “सर, बसा ना. पाणी घेणार?”

“पाणी नको. पेपर दाखवा.”

मला वाटलं आता नियम सांगेल, अर्ज करा म्हणेल, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणेल. तिनं काहीच आढेवेढे घेतले नाहीत. “एवढ्या लांबून एका स्टुडंटसाठी आलात, खरंच ग्रेट आहे,” असं म्हणून तिनं आतून गठ्ठा आणला. उत्तरपत्रिका, उत्तरसूची, आणि मुलींकडून परत घेतलेल्या प्रश्नपत्रिका. कच्चं काम त्यांच्यावरच करायचं असतं म्हणून त्याही जपून ठेवतात. ती उद्धट वागली असती तर फार बरं झालं असतं.

मी उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत खाली आलो. सदतिसाव्या प्रश्नाला बोट थांबलं. सूचीत ‘क’. मोनालीनं ‘ड’ रंगवला होता. मी प्रश्न बघितला. ‘एका चौरसाचा कर्ण १ मीटर आहे, तर त्याची बाजू किती मीटर?’ पोरखेळ. मग पर्याय ‘क’ बघितला. १/√२.

मी हसलो. मोठ्यानं हसलो. आणि टेबलावर हात आपटून म्हणालो, “मॅडम, ही तुमची उत्तरसूची? छेदात करणी! अहो, नववीचं पोर सांगेल तुम्हाला की हे उत्तर चूक आहे! माझ्या मुलीचं बरोबर आहे. यांपैकी नाही, असंच उत्तर यायला पाहिजे.”

पलीकडच्या दोन-तीन टेबलांवरच्या माना वर झाल्या. ज्ञानदानं सूची स्वतःकडं वळवून घेतली. “सर, पण व्हॅल्यू तर सेम आहे ना?”

“किंमत तीच असून काय उपयोग? रूप नको शुद्ध?”

“रूप कुठं विचारलंय, सर? बाजू किती, एवढंच विचारलंय.” ती अगदी हळू बोलत होती, वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसं. “बाकीचे ऑप्शन बघा ना. ‘अ’ दोन, ‘ब’ रूट टू, ‘ड’ यांपैकी नाही. एक मीटर कर्णाच्या चौरसाची बाजू १/√२ मीटर नसते का?”

मी पर्याय पुन्हा वाचले. असते. एक मीटर कर्णाच्या चौरसाची बाजू तेवढीच असते. ती मुळात तशीच येते, आपण नंतर तिला सजवतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. हे माहीत नसलेला माणूस गणिताचा मास्तर होत नाही. पण कितीतरी वर्षांत मी ते स्वतःशी म्हटलंच नव्हतं.

ज्ञानदानं मोनालीची प्रश्नपत्रिका शोधून काढली आणि ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. समासात तिचं बारीक अक्षर. बाजूंच्या वर्गांची बेरीज एक. बाजू १/√२. पुढं ×√२/√२. पुढं √२/२, आणि त्याच्याखाली दोन रेघा. एकही पायरी चुकलेली नव्हती. आणि पर्याय ‘क’वर पेन्सिलनं मारलेली काट. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, सरळ, मी शिकवली होती तशी. पानं उलटली तर आणखी तीन ठिकाणी तशाच काटा. तिथं त्या बरोबर पडल्या होत्या.

“तिला आन्सर आलेलं होतं,” ज्ञानदा म्हणाली. “मग तिनं ‘क’ का खोडला असेल?”

“मी खोडायला सांगितलं होतं.”

हे वाक्य मी माझ्याच कानानं ऐकलं आणि मला भयंकर लाज वाटली. सदऱ्यावर तो चिकटवलेला कागद, मघाशी आपटलेला हात, आणि सगळी माणसं अजून बघतायत. लाज वाटली ती त्यांची नव्हे. मी एक पोर घडवतोय म्हणून छाती फुगवत होतो आणि तिच्या हातून तिचंच उत्तर मी खोडून घेतलं होतं.

मग मी विनवण्या केल्या. आयुष्यात कुणापुढं केल्या नव्हत्या. म्हटलं, मी लेखी देतो की चूक शिक्षकाची आहे. म्हटलं, तिला गणित येतं, हा कागदच पुरावा आहे. म्हटलं, एक जागा वाढवा, फक्त या वर्षी. ज्ञानदानं सगळं ऐकून घेतलं. “सर, पेपर तीनशे बारा मुलींनी दिलाय. सगळ्यांना हेच ऑप्शन होते. आणि जी पहिली आली तिचं जॉइनिंग पण झालंय. तिला कसं काढणार?”

“काढू नका. तिला काढायचं कुठं म्हणतोय मी?”

“मी वरती मेल करते. पण सर, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. दर वर्षी एकच असते.”

तिच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो, आणि वर दोन शब्द जास्तीचे सुनावले असते. ती लिफ्टपर्यंत सोडायला आली. म्हणाली, सर, काळजी घ्या. कुणाशी भांडावं असं कुणी समोर उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. डांबरी रस्ता संपतो तिथं स्कूटर लावली आणि वाडीची वाट धरली. गुडघे बोलायला लागले, दोनदा बसलो. ही पोरगी हे रोज चढत-उतरत होती. मनाशी ठरवलं होतं, तानाजीच्या घरी जायचं आणि सरळ सांगायचं. निदान त्यांना खरं कळू दे. निदान पोरीच्या माथी ते नको.

तानाजीनं अंगणात घोंगडी टाकली. त्याची बायको बाळाबाई कोरा चहा घेऊन आली. मोनाली दाराआड उभी राहिली, बाहेर आली नाही.

“तानाजी,” मी म्हटलं, “पोरीची जागा गेली ती माझ्यामुळं.”

“आसं कसं म्हनता, सर?”

“खरंच म्हणतोय. ऐक.” मी काटकी घेतली आणि अंगणातल्या मातीवर चौरस काढला, कर्ण काढला, खाली १/√२ लिहिलं. शेजारी √२/२ लिहिलं. हे आणि हे एकच आहे म्हणून सांगितलं. मी पोरांना यातलं एक खोडायला शिकवतो म्हणून सांगितलं. तानाजी डोकं खाली घालून सगळं मन लावून बघत होता. पोथी ऐकावी तसं. माझं झाल्यावर त्यानं मान हलवली.

“म्हंजी पोरीनं तुमचं ऐकलं न्हाई.”

“ऐकलं रे बाबा! ऐकलं म्हणून तर चुकलं.”

“सराचं ऐकून कुनी चुकतंय व्हय?” तो हसला. त्याला वाटलं मी त्याची समजूत घालायला काहीतरी बोलतोय.

बाळाबाई म्हणाली, “पोरीचंच ध्यान नसंल. तुमी कशाला जिवाला लावून घेताय? तुमी एवडं शिकीवलं, आमी काय आंदळं हाय का?”

“बाई, ध्यान होतं तिचं. माझं नव्हतं.”

“मोना,” तानाजीनं हाक मारली, “भाईर ये. सर उनातनं एवडं वर आल्यात. सांग त्यास्नी कुनाचं चुकलं.”

मोनाली बाहेर आली. खाली मातीवर काढलेलं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. “माजंच चुकलं, दादा,” ती बापाला म्हणाली.

“खोटं बोलू नकोस!” मी ओरडलो. वर्गात ओरडतो तसाच. जन्माची खोड, जाते कुठं? आणि ओरडल्या ओरडल्या माझ्या लक्षात आलं की काय झालं ते. तानाजीचा चेहरा उतरला. त्याला वाटलं सर रागावले, म्हणजे पोरीनं नक्की काहीतरी मोठा गुन्हा केला. तोही तिच्यावर उखडला. “आगं, सराची एवडी म्हेनत मातीत घातलीस, आन वर लबाडी करतीस? पाया पड त्यांच्या.” मी नको नको म्हणेपर्यंत ती खाली वाकलीसुद्धा होती.

पाप कबूल करायला गेलो होतो. आशीर्वाद देऊन बसलो.

तरी मी एक शेवटचं बोललो. म्हटलं, तिला माझ्या घरी पाठव. मी कॉलेजात घालतो, दोन वर्षं राहील, रत्ना लेकीसारखी बघेल. तानाजी चहाचा कप फिरवत राहिला. मग म्हणाला, “सर, राग मानू नका. तुमच्या माडीवर भाड्यानं कंपनीची पोरं ऱ्हात्यात. आट-नऊ जन. वयात आलेली पोर तितं कशी ठिवू? हास्टेलची गोष्ट येगळी, तितं समद्या पोरीच.”

हेही बरोबर होतं. वर पाच खोल्या मीच बांधल्यात, मीच भाड्यानं दिल्यात. पगार असताना. त्या पोरांचं कपडे वाळत घालणं, जिन्यात बसून फोनवर बोलणं मी रोज बघतो. माझी मुलगी असती तर मीही ठेवली नसती. वाडीतून रोज जा म्हणावं तर कॉलेज सकाळी सातला आणि खाली पहिली एसटी येते दहाला. एकेक दार मी उघडून बघत होतो आणि प्रत्येक दाराला मागून कडी होती, आणि कडी घालणारा प्रत्येक माणूस आपल्या जागी बरोबर होता.

“उद्या मावशी न्यायला येनार हाय,” बाळाबाई म्हणाली.

मी उठलो. मोनाली झऱ्यापर्यंत सोडायला आली. मी पुढं, ती मागं. शेवटी मीच थांबलो.

“तू घरी खोटं का सांगितलंस?”

“दादाला न्हाई पटलं आस्तं, सर. मग त्यो वाडीत समद्यास्नी इचारत बसला आस्ता.”

“आणि मला फोनवर? आठवत नाही म्हणालीस.”

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. “तुमास्नी वाईट वाटलं आस्तं.”

मी मास्तरकी केली. माणसाला दुसरं काही येत नसलं की जे येतं तेच करतो. “तुला कळलं नव्हतं का, की दोन्ही उत्तरं एकच आहेत?”

“कळलं व्हतं.”

“मग?”

“काट आदीच मारली व्हती. मागनं उत्तर आलं. मग लई येळ बगत बसले त्याच्याकडं. खोडरबर बी घेतला व्हता हातात.”

“मग खोडली का नाहीस काट?”

“तुमी म्हनला व्हता, मागं वळून बगायचं न्हाई.”

“अगं, पण शंका आली तर विचारायचं असतं!” माझा आवाज पुन्हा चढला, आणि या वेळी तो रागानं चढला नव्हता. “तीन महिने रोज माझ्यासमोर बसत होतीस. एकदा तरी तोंड उघडून विचारायचंस, की सर, किंमत तीच आहे तर मग ते चूक कसं?”

“इचारलं व्हतं की, सर,” मोनाली म्हणाली. “नववीत.”

झऱ्याला पाणी कमी होतं. कुणीतरी लावून ठेवलेला हंडा अजून अर्धाच भरला होता.

“मग मी काय म्हणालो?”

तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघून घेतलं, सांगावं की नाही म्हणून. “तुमी मला वर्गाच्या भाईर हुबं केलं. मग म्हनला, ‘छेदात करणी ठेवणार नाही’ आसं पन्नास येळा लिवून आन.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेतली एक गोष्ट सांगावी तशी सांगत होती, थोडं हसूनसुद्धा. “म्या साट येळा लिवलं व्हतं. मोजताना चुकलं बिकलं तर आसू द्यावं म्हनून.”

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. तिथं उभा राहून केला, उतरताना केला, घरी येऊन रत्नाशी न बोलता बसून केला. तिचं ते विचारणं, दाराबाहेर उभी असलेली ती, दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आलेली साठ ओळींची वही. यातलं मला काहीसुद्धा आठवलं नाही. अजूनही आठवत नाही.